निव्वळ

कोंडशेतच्या सड्यावर पहिला सुरुंग उडाला
तो जांभा माझ्याच काट्यावरून गेला.
भरलेली गाडी अकरा टन तीनशे चाळीस,
रिकामी चार टन ऐंशी.
निव्वळ : सात टन दोनशे साठ.
कार्बन लावून मी लिहिलं, माल : दगड.
त्या दगडावर दिगंबर शिगवणाची वरी व्हायची
हे लिहायला रकाना नव्हता.

मग यंत्रं आली बडोद्याहून,
ऑपरेशनला नेतात तशी पांघरूण घालून.
कशेडी उतरताना ब्रेक तापलेले,
ड्रायव्हर चाकांवर पाणी मारत होता
आणि खालच्या वाडीतली पोरं
वाफ बघायला धावत आली.

सुताचा कारखाना, रंगाचा, मग औषधाच्या पावडरीचा.
तीन पाळ्या.
खानावळीतला सकाळचा रस्सा दुपारीच संपायचा.
रझिया परकारने भाड्याच्या सहा खोल्या बांधल्या
अन् सातवीचं जोतं.
लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न :
मुलगा कायम आहे की कंत्राटी?

त्या वर्षांत रात्री दोनलाही टँकर.
एक भरून जायचा
आणि पाऊण तासात रिकामा परत.
पाऊण तासात इथून जाऊन-येऊन
कुठेच होत नाही,
खाडी सोडून.
मी वेळ लिहिली दोन्ही पावत्यांवर.
कुणी विचारलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही.
भोईवाडीच्या धक्क्याला काळुंदरं
पांढरी पोटं वर करून लागली
त्या दिवशी मी डबा उघडला नाही,
एवढंच.

उतार आधी मला कळला. कागदावर.
निव्वळ घटलं, मग फेऱ्या,
मग रविवारची सुट्टी शनिवारपासून सुरू झाली.
रंगवाले म्हणाले, तिकडे वीज स्वस्त पडते.
तिकडे म्हणजे कुठे, ते नाही म्हणाले.
सातव्या खोलीच्या जोत्यात अळू उगवलं.

सूतवाल्यांच्या शेवटच्या दिवशी
हिशेबाची पाकिटं खिशात घालून एकवीस जण आले.
आप्पा, आम्हाला पण तोल की!
दाटीवाटीने उभे राहिले, एकमेकांच्या खांद्यावर हात,
फोटो काढतात तसे.
एक हजार एकशे ऐंशी.
शिगवणाचा मुलगा म्हणाला,
आता रिकाम्या गाडीचं वजा कर,
निव्वळ किती उरतंय सांग.
हसता हसता थांबले सगळे.
मी पावती फाडली.
माल : पुढे काही लिहिलं नाही.

काल तीच यंत्रं परत गेली,
गॅसने कापून, पांघरुणाशिवाय.
मी जुनी वही काढली.
येताना नऊ टन सहाशे,
जाताना नऊ टन चारशे चाळीस.
झिजलं ते एकशे साठ किलो.
काही सुतात गेलं असेल,
काही खोकल्यात.

आता काट्याच्या पत्र्यावर
शिगवणाची सून कोकमं वाळत घालते.
पत्रा छान तापतो म्हणते.
माझा काटा वीस किलोच्या आतलं धरत नाही;
सूप, पाटी, कोकमं, काहीच येत नाही त्याला.
ती सालं परतायला आली की पडद्यावर चाळीस,
उतरली की शून्य.
परवा उतरताना म्हणाली,
आप्पा, भाडं किती द्यायचं?
मी पेन शोधत होतो
आणि ते कानावरच होतं.