समोरच्याचा हप्ता

एस्पान्योलात, टायरच्या दुकानाला लागून आमचं ऑफिस.
एकोणीस वर्षं मी तोच एक रकाना समजावून सांगते आहे.
पेनाचं टोपण कागदावर टेकवून म्हणते,
हे बघा, हा पैसा तुमच्या चुकीसाठी नाही.
समोरून येऊन धडकणाऱ्याकडे विमाच नसेल,
किंवा असेल, पण ओंजळभर,
आणि तुमचं नुकसान घागरभर,
तर मधलं जे उरतं, ते ह्यातून.

लोक चिडतात. रास्तच आहे.
एलॉय आर्चुलेटा, मिरच्या भाजायचं पिंप फिरवून
ज्याची नखं कायमची काळी झालीत,
म्हणाला, "म्हणजे गाढव त्याचं, आणि चारा मी घालू?"
हो, म्हटलं. महिना अकरा डॉलर.
नको असेल तर इथे सही करा,
नकारसुद्धा लेखी लागतो.
त्याने सही केली, पेन खिशाला लावलं आणि गेला.
पेन माझं होतं.

डेल्फिनो माझा धाकटा भाऊ.
फेब्रुवारीत त्याची पॉलिसी बंद पडली.
मला माहीत होतं.
जेवताना विषय काढला की तो टॉर्टिया दुमडत बसायचा.
बाळाचं दूध, ट्रान्समिशन, घरभाडं,
"पुढच्या महिन्यात नक्की."
आणि मी, जी दिवसभर अनोळखी माणसांना
त्याच्यासारख्यांची भीती घालते,
त्याला आणखी एक डाव बीन्स वाढायचे.

मग चिमायोच्या रस्त्यावर, कॉटनवुडच्या वळणाला.
ऊन डोळ्यांवर आलं, तो म्हणतो.
पोलिसांच्या कागदात उन्हाचा उल्लेख नाही,
फोनचा आहे.
सिरिया व्हिआल्पांडो, वय एकसष्ट,
शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला.
मांडीचं हाड दोन ठिकाणी.

ती आमचीच ग्राहक निघाली.
फाइल मी लगेच शेजारच्या टेबलावर सरकवायला हवी होती,
तसा नियम आहे. सरकवलीही.
त्याआधी उघडून पाहिली.

रकान्यात बरोबरची खूण. नऊ वर्षांपूर्वीची,
निळ्या शाईत, जरा तिरकी.
आकडेमोड सवयीनेच झाली:
अकराशे अठ्ठ्याऐंशी डॉलर.
नऊ वर्षं ही बाई माझ्या भावाचा हप्ता भरत होती.
तो हायस्कूलात नापास होत होता तेव्हाही,
त्याच्याकडे ट्रक नव्हता तेव्हाही.

कंपनीने तिला पैसे दिले.
आता कंपनी डेल्फिनोकडून महिन्याला साठ घेते,
आणि त्यातले चाळीस मी देते,
हे त्याच्या बायकोला ठाऊक नाही.
सिरियाबाई काठी घेऊन चालतात.
काठीचं कलम कुठल्याच पॉलिसीत नसतं.

आज एक नवं जोडपं आलं होतं.
मुलगी कागद वाचत होती, खरंच वाचत होती,
तिने मान वर करून विचारलं,
"समोरचा म्हणजे नेमका कोण?"

एरवी हे उत्तर मला तोंडपाठ असतं.
मी टोपण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.