ड्रायव्हर सापडला नाही

रोदेल कायमचा इलोइलोला निघाला
तेव्हा शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग त्याने
पंचवीस रियालला सोडलं. पेडलं फुकट.
जेवायच्या टेबलाला मी ते शिकंज्यांनी आवळलं,
आणि त्या दिवसापासून सोहारच्या या फ्लॅटमध्ये
आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतो.

कारण सांगते. ड्रमच्या परीक्षेत मी तीनदा नापास.
पिंपं उभी करतात,
त्यांच्यामधून गाडी उलटी न्यायची, तिरकी, न शिवता.
मी शिवते.
पत्रा वाजतो, टिणऽऽ,
आणि शेजारच्या सीटवर शम्सा वहीत काहीतरी लिहिते
उजवीकडून डावीकडे.
सरावाला तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक असतो.
मी चुकायच्या आधीच गाडी थांबलेली असते.
म्हणजे मी अजून पुरती चुकलेलीसुद्धा नाही.

विंडोजचंही तेच.
तिसऱ्या लॅपला, शेवटच्या वळणात, पडदा निळा:
अद्ययावत होत आहे, बंद करू नका.
अडतीस टक्के. चहा झाला तरी अडतीसच.
शिवाय कोपऱ्यात कायमचं एक पुसट वाक्य,
की ही प्रत अधिकृत नाही.
परक्या देशात राहणाऱ्याला
असली वाक्यं जरा जास्तच लागतात.

एका शुक्रवारी अख्खी डिस्क पुसली.
विश्राम स्मेल्टरवर, शटडाऊनला, बारा तासांची पाळी.
पेनड्राइव्हवरून लिनक्स उतरवलं.
लग्नाआधी अंबडच्या कारखान्यात पीएलसी बघायचे मी,
काळ्या पडद्याची भीती नव्हती,
सवय तेवढी मोडली होती.

खेळ चालू झाला. गाड्या आल्या,
झाडं, कठडे, टाळ्या वाजवणारी माणसं, सगळं आलं.
स्टिअरिंग मात्र मेलेलं.
फिरतं, पण धरत नाही;
पिठात हात फिरवावा तसं.
काळ्या पडद्यावर एक ओळ: ड्रायव्हर सापडला नाही.
मी एकटीच मोठ्याने हसले.

मग चाकाला हात लावायची परवानगी मागितली. नाकारली.
मग रूट झाले, मूळपुरुषच म्हणा,
आणि माझी मला दिली.
इथे आल्यापासून सहीशिक्क्यावाचून मिळालेली
ती पहिली परवानगी.

कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलेला ड्रायव्हर,
त्यातल्या टिपा पोलिशमध्ये.
त्याचं आणि माझ्या कर्नेलचं पटेना.
कर्नेल म्हणजे शेवटी आठळी,
फणस बदलला की पुन्हा शिजवावी लागते.
चौदा चुका आल्या. मग तीन. मग एक,
आणि ती एक तासभर गेली नाही.
अर्धविराम राहिला होता.
डब्यातला पंखा धापा टाकत होता,
बाहेर अजून बेचाळीस अंश,
मगरिबची बांग संपत आली होती

आणि स्टिअरिंग थरथरलं.

आपणहून डावीकडे गेलं, उजवीकडे, मग मध्यावर,
झोपेतून उठलेलं वासरू मान हलवतं तसं.
पहिल्याच वळणावर मागची चाकं सुटली
ते डोळ्यांच्या आधी मनगटाला कळलं.
कुणी ब्रेक मारला नाही.
मी पूर्ण चुकले.
कठड्यावर आदळले, उलटले, चाकं वर,
आणि पडदा माझ्याकडे बघत राहिला, काही न लिहिता.

रात्री विश्राम आला, बुटांवर करडी धूळ.
बघू, म्हणाला. बसला.
अकरा वर्षं चालवतोय तो या देशात.
मोकळ्या ट्रॅकवर, अगदी सरळ रस्त्यात,
त्याने वेग एकदम कमी केला.
का रे?
"उंट येतात," म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

मंगळवारी चौथी परीक्षा.
हल्ली मी शर्यत जिंकायला लावतच नाही.
हिरवा दिवा लागतो,
वीस गाड्या अंगावरून सुसाट निघून जातात,
आणि मी सुरुवातीच्या रेषेवर
आरशात बघत, जीभ दातांत धरून,
इंच इंच
मागे.