अकरा वीसची बस

अकरा वीसला हायस्कूलच्या मागच्या दारातून
नऊ जण बाहेर पडतात, हातात अर्धं सँडविच,
आणि माझ्या पिवळ्या बसमध्ये चढतात.
पुढच्या दारावर कॉलेजांचे झेंडे लावलेत, रंगीबेरंगी.
त्यांच्याखालून जायला ही पोरं, का कोण जाणे, अवघडतात.

अठरा मैल. दोन घाट. वेस्ट व्हर्जिनियात सरळ रस्ता
फक्त नकाशा दुमडल्यावर दिसतो.
वाटेत ती बंद खाण, जिथे मी बावीस वर्षं उतरलो.
आता कुंपणावर पाटी आहे, आणि पाटीवर गंज.
मग ट्रेनिंग सेंटर : पत्र्याची लांबलचक शेड,
जळक्या लोखंडाचा वास थेट पार्किंगपर्यंत.

कोल्बी डिझेल इंजिनं शिकतो. त्याची नखं काळी,
आणि ती लपवायची असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
मेरिबेथ दवाखान्यात मदतनीस होणार.
काउंटीतल्या एकुलत्या एका सिग्नलला ती माझं मनगट मागते :
"अठ्ठ्याहत्तर, मिस्टर स्टॅम्पर. कॉफी कमी करा."
जॅझलिनच्या दप्तरात एक रबरी मुंडकं असतं, केसांसकट.
पहिल्याच दिवशी ते सीटखालून घरंगळत
माझ्या बुटापाशी आलं. बावीस वर्षं खाणीत
मी इतक्या जोरात ओरडलो नव्हतो.

शेवटच्या सीटवर थेरन.
फॉर्मवर चौदा चौकटी होत्या : वेल्डिंग, वीज, सुतारकाम, बेकरी...
त्याने एकीतही खूण केली नाही.
जागा शिल्लक होती तिथे बाईंनी त्याला घातलं. प्लंबिंग.
"कसं वाटतंय?" विचारलं की म्हणतो, "बघू."
माझ्या वेळी चौकटीच नव्हत्या.
बाप खाली उतरायचा, म्हणून मी उतरलो.
मला कुणी विचारलं असतं, तर मीही
"बघू"च म्हणालो असतो बहुतेक.

फेब्रुवारीत, दुसऱ्या घाटात, बस खोकली आणि थांबली.
घोडं कुठं पेंड खातंय, मला कळेना.
कोल्बीने बॉनेटला कान लावला.
"डिझेल गोठलंय. फिल्टर चोंदला."
"येईल करता?"
"येईल. पण फिल्टर नाही. पाना सेंटरवर."
आणि ते काळे हात त्याने खिशात घातले,
पहिल्यांदाच.

टो-ट्रकला तास लागणार. हीटर गार.
जॅझलिन माझ्या मानेकडे बघत म्हणाली,
"कॉलरवर आलेत तुमचे केस."
"त्या मुंडक्याचे काप."
"ते बोलत नाही. बोलणारं गिऱ्हाईक कधी मिळायचं मला?"
मग काय. गळ्याभोवती कुणाचं तरी जॅकेट,
कानामागे बर्फासारखी कात्री,
मेरिबेथ मनगट धरून : "एक्क्याण्णव! घाबरलात?"
सगळी बस पुढे गोळा झाली. थेरनसुद्धा.
टॉर्च त्यानेच धरला.

बराच वेळ काही बोलला नाही. मग :
"खाणीत पाणी यायचं ना? ते कोण काढायचं?"
मी सांगितलं. पंप, रात्रंदिवस.
आणि ओडेल म्हणून एक म्हातारा,
स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला, मूठ कानाला,
नुसतं ऐकून सांगायचा, गळती किती फुटांवर.
तो सुट्टीवर गेला की आम्ही जिना मोजून उतरायचो.
"नुसतं ऐकून?"
"मान हलवू नका," जॅझलिन ओरडली.
टॉर्च हलला होता, मान नाही.

टो-ट्रक लवकर आला. नको तेव्हा नेमका लवकर.
डावी बाजू झाली होती, उजवी राहिली.
घरी बायको दारातच बसली, पोट धरून.
न्हाव्याकडे जा म्हणाली. नाही गेलो.
उजवी बाजू जॅझलिनची आहे, सोमवारची.

सोमवारी बस सुरू करण्याआधी आरशात पाहिलं :
थेरन शेवटच्या सीटवर वाकलेला,
हीटरच्या नळीवर स्क्रूड्रायव्हर, मूठ कानाशी.
"काय म्हणतेय?" मी ओरडलो.
त्याने बोट ओठांवर ठेवलं.
अकरा वीस होऊन गेले होते.
मी इंजिन बंदच ठेवलं.