खालची बाजू

आंब्याच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आधी साचा केला.
'देवगड हापूस' ही अक्षरं
इंजिनाच्या पोटाला उलटी चिकटली
आणि मी खड्ड्यात उभा, मान मागे, तोंडात पेन्सिल.
हा खड्डा बापाने जांभ्यात खणला, एसटीतून रिटायर झाल्यावर.
फेब्रुवारीपर्यंत भिंतींतून पाणी पाझरतं,
मग नुसता गारवा.

गाडी हेमांगी वालावलकरांची. कुडाळला दातांचा दवाखाना.
वर्षातून दोनदा कोइमतूरच्या ट्रॅकवर जातात,
गाडी ट्रकवर, त्या ट्रेनने.
म्हणाल्या, चौथ्या वळणाला, दीडशेच्या पुढे,
पुढची चाकं बोलायची थांबतात.
"दात हलतो ना, तसं. दिसत काही नाही. बोटाला कळतं."

मी बोट कुठे लावणार?
वरून सगळं गुळगुळीत, लाल, आरशासारखं.
खाली मात्र आठवड्याचा बाजार:
सायलेन्सर, पायपा, ब्रेकच्या नळ्या, गिअरबॉक्सचं कुबड,
आणि त्यातून धक्के खात, शिव्या देत निघालेला वारा.

म्हणून मालवणात जाऊन, दांडीवरनं, पास्कू मेस्ताला आणला.
सदतीस होड्या फायबरच्या; त्याआधीच्या लाकडी त्याने मोजल्या नाहीत.
गुडघे वाकेनात, तर खड्ड्यात स्टूल टाकून दिलं.
बराच वेळ वर बघत बसला
इगर्जीच्या छताकडे बघावं तसा.
"हिका तळ खंय असा?"
"नाय म्हणान तर तुका हाडलंय."

मग समजावलं. वारा खालून विनाअडथळा, घाईने गेला
की पोटाखालचा दाब उतरतो
आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते.
तो हसला नाही. बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला.
"पन्नास वर्सां बुडू नये म्हणान तळ केलंय.
आता तू बुडवूक सांगतंस."

सात दिवस रेझिनचा वास.
चार तुकडे, तीन मिलिमीटर जाड.
मागचा तुकडा सात अंश चढता हवा होता,
त्याने डोळ्यांनी चढवला.
मी मोबाईल लावून मोजला: सव्वासात.
सव्वा कशाला, विचारलं, तर म्हणाला, बसतलो.
आणि खरंच, बोल्ट आवळले तसा बसला.
ऑइल काढायला झडप ठेवली, होडीत मासळीच्या खणाला असते तशी.
प्रत्येक स्टीलच्या बोल्टाखाली नायलॉनची चकती, हा त्याचा हट्ट;
खाऱ्या हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा
संसार होत नाही म्हणे.

पहाटे साडेचार, सड्यावरचा सरळ रस्ता.
तळाला तेलात कालवलेल्या निळीचे ठिपके.
डॉक्टर गेल्या, आल्या, परत गेल्या.
पास्कू मोरीवर बसून फक्त ऐकत होता.
तिसऱ्या फेरीला त्याने मान हलवली,
का, ते मला कळलं नाही.

जॅकवर घेऊन बॅटरी मारली:
निळ्या रेघा, फणी फिरवल्यासारख्या, सगळ्या मागे.
फक्त डाव्या चाकाच्या मागे एक गोल,
खडकाआड पाणी गिरकी घेतं तसा.
"हंय घुमता," म्हणाला आणि अंगठा लावला.
अंगठा दोन दिवस निळा होता.
तिथे त्याने दोन बोटं उंच एक पाळ बसवली.
वहीत तिचं नाव काय लिहावं, मला सुचलं नाही.

कोइमतूरहून फोन आला, मागे इंजिनांचा कल्ला.
फेरीला नऊ दशांश सेकंद कमी.
मला तेवढ्यात समाधान नव्हतं. चौथं वळण? विचारलं.
"बोलली," एवढंच म्हणाल्या.

गाडी परत आली तेव्हा पुढची कड खरवडलेली;
ट्रॅकने नाही, कणकवलीच्या गतिरोधकावर, उतरवून आणताना.
पत्रे खोलले. आतल्या बाजूला, जी कोणालाच दिसायची नव्हती,
तेलाचा थर.
रॉकेलच्या फडक्याने पुसला, तर खाली,
रेझिनच्या आत, पेन्सिलीने, जरा तिरका,
आकडा:
३८.