दोन्हीकडचं

लोमेश नागपूरला गेला
तेव्हा लॅपटॉप घेऊन गेला, फायरफॉक्स त्याच्यासोबत गेला.
केंद्रावरचा जुना डबा माझ्याकडे राहिला.
त्यात क्रोम, आणि क्रोममध्ये काहीच नाही.
सातबाराचं पान कुठं, शिष्यवृत्तीचं कुठं,
सगळे पत्ते त्याच्या बोटांत होते.

पहिल्या आठवड्यात मी माणसं परत पाठवली.
नलूबाई नन्नावरे जातीच्या दाखल्यासाठी तीनदा आली.
तिसऱ्यांदा म्हणाली,
"तुया भावाले कागदावर लिवून ठेवाले का झालं होतं व बाई?"

कागदावर नाही, त्यानं ढगात लिहून ठेवलं.
फोनवर तो सांगत गेला, मी दाबत गेले.
हे जोड. इथं हो म्हण. तोच पासवर्ड, आईच्या गावाचा.
आता थांब.
थांबले. राईस मिलची चक्की थांबली, चहा निवला,
आणि मग उतरू लागले एकेक
त्याचे तीनशे बारा पत्ते माझ्या पट्टीवर,
धुरा फोडल्यावर वरच्या बांधीतलं पाणी
खालच्या बांधीत उतरतं तसे.
फरक एवढाच, की हे पाणी परत वरही चढतं.
मी इथं राशनकार्डाचं नवं पान ठेवलं
की तिकडं हिंगण्यात, त्याच्या खोलीत, ते हजर.

नलूबाईचा दाखला निघाला.
त्यानंतर आम्ही फोनवर बोलणं कमी केलं,
ठरवून नाही. कामच उरलं नाही.

आई विचारते, लोम्याचा फोन आला का?
मी म्हणते, नाही, पण बरा आहे.
कशावरून?
आज त्यानं कुकरची रिंग शोधली.

तो विसरला असावा की धुरा फुटलेलाच आहे.
रात्री साडेअकराला येतं: खोली, दोघांत.
पंधरा दिवसांनी: खोली, एकट्याला.
रात्रपाळीनंतर झोप न येणे, उपाय.
जुना लोखंडी पलंग, वर्धा रोड.
मग महिनाभर काहीच नाही,
आणि एका रविवारी: झुणका, कांदा-लसूण न घालता.

आमच्या घरात कांद्याशिवाय कोण जेवतं?
मी विचारलं नाही.
पलंगाच्या खाली झुणका ठेवून
डब्यावर कपडा टाकला, घरी गेले.

मोहफुलं वाळत घातली होती त्या आठवड्यात
सकाळी केंद्र उघडलं, पंखा लावला,
पट्टीच्या शेवटी एक नवीन:
विशेष विवाह, नोटीस, तीस दिवस.

बाहेर बाकावर पाच जण बसले होते.
मी त्यांचे फॉर्म भरले.
एकाची जन्मतारीख चुकवली, पुन्हा भरली.
दुपारी लाईन गेली तेव्हा
मॉनिटरच्या काळ्या काचेत
माझंच तोंड, आणि मागं कॅलेंडर.

मला शब्द सुचत नाहीत, मला कागद सुचतात.
लाईन आल्यावर मी शोधलं आणि त्याच्या पानाखाली
माझं एक पान ठेवलं:
साक्षीदाराला लागणारी कागदपत्रं.

दुसऱ्या दिवशी त्याचं पान नव्हतं.
त्यानं तिकडं पुसलं, ते इकडंही पुसलं गेलं;
ढगाला कोणाची भीड नसते.
माझं मात्र तिथंच होतं, एकटं,
वरचा माणूस उठून गेल्यावर
बाकावर बसून राहिलेल्या बाईसारखं.

चार दिवस.
आई म्हणाली, काही शोधलं का त्यानं?
म्हटलं, सुटी असंल.

पाचव्या दिवशी ते परत आलं, माझ्या पानाच्या खाली.
पत्ता तोच.
नाव तेवढं त्यानं बदललं होतं:
"ताई, आधार अन् दोन फोटो. आईले मी सांगतो."

गावभरचे फोटो मी छापते, आठ-आठचे,
माझा एकही नव्हता.
भिंतीवरच्या निळ्या कपड्यासमोर स्टूल ओढलं,
नलूबाईच्या नातवाला म्हटलं,
मोबाईल सरळ धर, बाबू,
आणि मी हसले तरी दाब.