नाक थोडं लहान करा

शाई आधी वाळते, विचार मागनं येतो.
एप्रिलातली साखर पेठ, पत्र्याखालचा माळा,
दौतीतून निघालेली निब कागदावर टेकेस्तोवर
टोकाशी पापुद्रा धरते.
मनगटाखाली सुती चिंधी असते,
चादरीच्या कारखान्यातली, काठाची, उसवलेली.
घाम तिनं प्यायचा, कागदानं नाही.

वडील जेकार्डची डिझाइनं काढायचे.
चौकटीच्या कागदावर मोर, एक घर म्हणजे एक धागा.
"गोल असं काही नसतंय बघ," म्हणायचे,
"पायऱ्याच असतात सगळ्या.
लांबनं बघणाऱ्याला गोल वाटतंय."
मी गोलासाठी घर सोडलं.
म्हणजे जिना चढून इथं आलो, तेवढंच.

धंद्याचं विचाराल तर
लग्नाच्या हॉलात तासावर पैसे, जेवण धरून.
नवरीची मावशी हमखास म्हणते, हनुवटी एकच काढा.
पेपराला आठवड्याला दोन चित्रं,
मानधन तिसऱ्या महिन्यात, आठवण केली तर.
आणि रात्री नऊला संपादकांचा फोन:
"यमुल, नाक थोडं लहान करा.
चष्मा पण काढा हो, चष्म्यानं कळतंय कोण ते."
नाक लहान केलं.
चष्मा ब्लेडनं खरवडला, अलगद, कागद फाटू न देता.
कान राहिले.
कानांकडे कुणाचं लक्ष नसतं.
सकाळी टपरीवरचा मैनोद्दीन पेपर उलटा धरूनच म्हणाला,
"आपल्या वॉर्डातले साहेब ना?"

त्या दिवशी मी दोन चहा जास्त प्यालो.

पंधरा दिवसांनी साहेबांचाच फोन.
"ते कान तुम्हीच काढले?"
मी खुर्ची शोधली.
"वाढदिवसाच्या बोर्डावर तस्सेच पाहिजेत.
पोरं म्हणतात लई भारी आलेत."
ॲडव्हान्स आला, मोजला, खरा होता.
चौकात वीस फुटी कान लागले, त्यांना झेंडूची माळ.
आयुष्यात बरीच चित्रं परत आली माझी.
इतका हरलो नव्हतो कधी.

गड्ड्यात दरसाल होम मैदानावर बसतो,
पाळण्याच्या आणि भजीच्या मध्ये.
एक स्टूल गिऱ्हाइकाचं, एक माझं.
तिथं नरसम्मा आली, विडीच्या कारखान्यातली,
बोटांना तंबाखूचा वास.
स्वतः बसली नाही.
स्टुलावर आधारची झेरॉक्स ठेवली, नवऱ्याची.
चेहऱ्याच्या जागी काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके.
"ह्यावरनं कसं काढू?"
"हसरं काढा. हसायचा नाही तो, तरी काढा."
"काही खूण?"
बराच वेळ गेला. वरती पाळण्यातली पोरं किंचाळत होती.
"डावी भुवई," ती म्हणाली. "खोटं बोलताना वर जायची."

मी नेहमी नाकापासून सुरू करतो.
त्या दिवशी भुवईपासून केलं.
भुवईनं डोळा ओढून आणला, डोळ्यानं गाल,
गालामागं कुठूनसं अख्खं माणूस आलं.
तिनं कागद दिव्याकडं धरला.
"ह्यो आत्ता पण खोटं बोलायलाय," म्हणाली,
आणि अशी हसली
की भजीवाल्यानं झारा थांबवला.
चित्र गुंडाळून चिरमुऱ्याच्या पिशवीत घातलं.
पैसे पुरते दिले, घासाघीस न करता.

वडिलांनी कधी काढू दिलं नाही.
"माझं तोंड काय बघायचंय? काम बघ."
फोटो आहेत, पण त्यात ते फोटोसाठी उभे आहेत.
त्यांचाच उरलेला चौकटीचा कागद काल पेटीतून काढला,
कडा पिवळ्या पडलेल्या,
आणि एकेक घर भरत गेलो.
पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.
जवळून नुसते ठिपके दिसतात.
लांब जाऊन बघावं तर
माळ्यावर तेवढी जागा नाही.

पहाटे चारला नळ आला, पाचव्या दिवशी.
घागर घेऊन अर्धा जिना उतरलो
आणि तिथनं वळून बघितलं.

नाक मोठं आलंय.
राहू दे.