खोटा हात

नेरूळ, सेक्टर सहा. खाली झेरॉक्स-लॅमिनेशन,
वर आमचं ऑस्टिओपॅथीचं केंद्र.
काचेवर लाल अक्षरं: कंबर, मान, मायग्रेन, दमा, बाळाचं रडणं.
वर्तक मॅडमचे हात चांगले, म्हणून पेशंट येतात;
पण हात चांगले हा काही पुरावा नाही,
असं एक दिवस त्याच म्हणाल्या
आणि चाचणी घ्यायची ठरली.

चिठ्ठ्या सीलबंद लिफाफ्यांत.
अ-गटाला खरा उपचार, ब-गटाला खोटा.
खोटा माझ्याकडे.

खोटा म्हणजे तीच जागा, तेवढीच मिनिटं,
हात ठेवायचा आणि काही करायचं नाही.
सोपं वाटतं.
पण शिकलेल्या बोटांना खोड असते,
कण्याशेजारी गाठ लागली की आपणहून निघतात,
दाणे टाकल्यावर कोंबड्या निघाव्यात तशी.
मी त्यांना आवरून धरायचे
आणि एसीच्या पाइपातून डब्यात पडणारे थेंब मोजायचे.
एकशे ऐंशीला हात उचलायचे.

चांगुणाबाई मढवी, सारसोळे. वय एकसष्ट. ब.
संमतीपत्र मी वाचून दाखवलं होतं:
खरं मिळेल किंवा मिळणार नाही, आधी सांगता येत नाही.
तिने सही केली. नुसता 'चां' काढायला अर्धं मिनिट.
दुखणं शून्य ते दहामध्ये किती?
"आठ."
दहा का नाही?
"धा बालतपनाला ठेवलेत."
चाळीस वर्षं डोक्यावर पाटी,
पाटीतल्या बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत.
पाठ अजून गार लागायची.

सोळा आठवड्यांनी
काझी सर वाशीहून आकडे घेऊन आले.
दोन्ही गटांचं दुखणं उतरलं होतं,
खऱ्याचं जरा जास्त.
फरक शून्य पूर्णांक सात,
आणि त्याच्या मर्यादेचं खालचं टोक
शून्याला चाटून गेलेलं.
"नाही असं म्हणता येत नाही," सर म्हणाले,
"आणि आहे असंही." मग चहा मागवला.
कमरेबद्दल मोठे अभ्यास थोडंफार बोलतात म्हणे.
दम्याबद्दल, बाळाच्या रडण्याबद्दल
जवळजवळ गप्प.
मॅडमनी ब्लेड माझ्या हाती दिलं.

मी स्टुलावर चढून दमा खरवडला.
त्याच्या जागी स्वच्छ काच राहिली,
आजूबाजूच्या धुळीमुळे
अजून 'दमा' अशीच वाचता येणारी.

तेवढ्यात चांगुणाबाई जिन्यावर.
सांगायचं काम माझंच होतं.
बाई, तुम्हाला मिळालं ते खोटं होतं.
ती माझ्या हाताकडे बघत राहिली, ब्लेडकडे नाही.
"मंग आठाचे पाच कसे झाले?"
मी म्हणाले, माहीत नाही.
हे दोन शब्द अभ्यासक्रमात नव्हते.

ती पायरीवर टेकली. पदराने मान पुसली.
"पाटी त सून नेतं दिवालीपासून.
कोनी इचारलाच नाय."

फॉर्मवर तेवीस रकाने. पाटीचा एकही नाही.

उठताना म्हणाली,
"आता तिची कंबर दुखतं. आनू का?"
"किती दुखते?" मी विचारलं, सवयीने,
शून्य ते दहा.
"ती सांगत नाय."